उचललं बरं, पण ठेवलं कसं?

माझी आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. आम्ही तिला माय म्हणतो. गेल्या वर्षी आषाढातल्या एका सकाळी मी तिला बाजेवरून उचलून खुर्चीत बसवत होतो. काम रोजचंच होतं. सौभाग्यवतीचे गुडघे दोन वर्षांपासून असहकार पुकारून बसलेले, त्यामुळे हे खातं माझ्याकडे आलेलं. त्या दिवशीही मी मायला उचललं, वळलो, खुर्चीपर्यंत आणलं आणि शेवटच्या वीतभर अंतरात माझे दंड संपले. ‘संपले’ हाच शब्द बरोबर आहे. दुखले नाहीत, थरथरले नाहीत, खिशातले पैसे संपावेत तसे संपले. माय खुर्चीच्या कडेवर धपकन आदळली आणि तिथून घसरून खाली बसली.

तिला लागलं नाही. खाली जाड सतरंजी होती, तिचे उपकार. पण जमिनीवरून तिला पुन्हा उचलणं मला जमेना. दोनदा प्रयत्न केला, मग तिच्याशेजारी तसाच बसून राहिलो. शेवटी सौभाग्यवतीनं शेजारी हाक मारली. शेजारचे गृहस्थ आले. वय माझ्यापेक्षा चार वर्षांनी जास्तच. उभा जन्म मालेगावच्या बाजारात हमालीत गेलेला. त्यांनी मायच्या काखेखाली हात घातले, गुडघ्यात वाकले आणि तिला अशी उचलून अशी ठेवली, की खुर्चीचा साधा करकर आवाजसुद्धा झाला नाही.

मायनं पदर सारखा केला. माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, लहानपणी हिशेबाचं उत्तर चुकलं की पाहायची तसं. म्हणाली, “उचललं तं बरं रे बापू, पण ठेवलं कसं?”

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. उत्तर शोधायला मला वर्ष लागलं आणि ते सापडलं दोन किलोच्या एका डंबेलमध्ये. सहासष्टाव्या वर्षी, दोन नातवंडांचा आजोबा झाल्यावर, मी किन्हीराजातल्या आमच्या घराच्या ओसरीत उभा राहून दंडाचा व्यायाम करतो, हे वाचून माझे जुने सहकारी हसतील. हसू द्या. वाचकांतही माझ्या वयाचे पुष्कळ असतील, आणि त्यांच्याही घरात कुणी ना कुणी उचलायचं असेलच. मग ती आई असो, आजारी नवरा असो, पेंगुळलेली नात असो, नाहीतर गॅसचं सिलिंडर असो.

किन्हीराजा हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं गाव. हे मालेगाव नाशिककडचं नव्हे, आमचं मालेगाव जहांगीर. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा झाला, तोवर आम्ही अकोला जिल्ह्यातले. गावाभोवती सोयाबीन आणि तूर. आता याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे आणि डिसेंबर २०२२ पासून त्यावरून गाड्या सुसाट धावताहेत. बँकेच्या नोकरीत मी विदर्भ-मराठवाड्यातल्या अकरा गावांचं पाणी प्यायलो. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री, दौलत मोजून झाल्यावर. दौलत अर्थातच दुसऱ्यांची. निवृत्त झालो तेव्हा माय म्हणाली, शहरात मला करमत नाही. म्हणून आम्ही दोघं गावी आलो.

तीस-बत्तीस वर्षं मी उचललं काय? पेन उचललं. फोन उचलला. शाखेत नाण्यांच्या पिशव्या उचलायला शिपाई असायचा आणि खातेवह्यांचे ठोकळे उचलायलाही. एकच गोष्ट मी रोज स्वतःच्या हातानं केली, ती म्हणजे तिजोरीच्या खोलीची किल्ली फिरवणं. तिला दोन किल्ल्या असतात, एक रोखपालाकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोघांच्या किल्ल्या लागल्याशिवाय दार उघडत नाही. या किल्लीचा संबंध पुढे येणार आहे, तेवढा लक्षात असू द्या.

मायच्या त्या प्रसंगानंतर मी वाशीमला गेलो. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, हृदयाचा आलेख काढला आणि फिजिओथेरपी करणाऱ्या एका तरुण मुलीकडे पाठवलं. तिनं माझा हात हातात घेतला, दंड चाचपला आणि विचारलं, “काका, व्यायाम काय करता?”

“रोज सकाळी तासभर फिरतो,” मी छाती काढून सांगितलं.

“ते पायांना आणि हृदयाला चांगलं. हातांना तुम्ही काय देता?”

मी गप्प. तिनं मग जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. तिशी-चाळिशी ओलांडली, की अंगातलं स्नायूंचं भांडवल दर दशकाला काही टक्क्यांनी घटत जातं आणि साठीनंतर घटीचा वेग वाढतो. आपल्याला ते दिसत नाही, कारण स्नायूंच्या जागी चरबी येते आणि सदऱ्याचं माप तेच राहतं. खात्यावरची शिल्लक आणि पासबुकातला आकडा यांत अंतर पडलेलं, पण पासबुक भरून घ्यायला कुणी जात नाही, असा हा प्रकार. डॉक्टरी भाषेत याला सार्कोपेनिया म्हणतात. अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकी तज्ज्ञानं १९८९ च्या सुमारास ग्रीक भाषेतून घडवलेला हा शब्द आहे. सार्क म्हणजे मांस, पेनिया म्हणजे दारिद्र्य. मांसाचं दारिद्र्य! दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांच्या कर्जप्रकरणांवर मी आयुष्यभर सह्या केल्या. स्वतःच रेषेखाली गेलो ते कळलं नाही.

या दारिद्र्यावर उतारा आहे आणि वयाची अट नाही, ही त्यातली आशेची बाजू. १९९० साली बोस्टनमध्ये डॉ. मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमात राहणाऱ्या, नव्वदीच्या घरातल्या दहा दुबळ्या माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. बँकेतल्या कुठल्याच ठेवीवर असा परतावा मी पाहिला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२० च्या आपल्या शिफारशींत पासष्टीपुढच्या माणसांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करायला सांगितलं आहे. नुसतं फिरून भागत नाही.

“मग दंडाचाच व्यायाम सांग,” मी म्हणालो. ती हसली. “काका, पाय आधी. माणसाला उचलायचं ते पायांनी. कंबरेत वाकून हातांनी ओढलं तर आजी राहतील बाजूला, तुम्हालाच उचलावं लागेल.” तिनं मला आधी खुर्चीवरून हात न टेकता उठायला-बसायला लावलं. ते मी आजही करतो. पण मायला धरून ठेवण्याचं, अलगद सोडण्याचं काम कोपरापाशी येतं, म्हणून तिनं दंडाचाही व्यायाम दिला. इंग्रजीत ज्याला बायसेप्स कर्ल म्हणतात तो. हात खाली सोडून वजन धरायचं, कोपर वाकवून ते खांद्यापाशी आणायचं आणि परत खाली न्यायचं. संपलं. याहून सोपा व्यायाम जगात नसेल, असं मला वाटलं.

या स्नायूला मराठीत किती गोड शब्द आहे! बेटकुळी. शाळेत असताना मधल्या सुटीत बाही सरकवून ‘दाखव तुझी बेटकुळी’ अशी स्पर्धा कुणी लावली नाही? कातडीखाली बेडकी टुणकन उडी मारून बसावी तसं ते दिसतं. गंमत अशी, की रोमन लोकांना त्याच जागी उंदीर दिसला. इंग्रजीतला ‘मसल’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा अर्थ छोटा उंदीर. आणि बायसेप्स म्हणजे दोन डोक्यांचा. हा स्नायू वर खांद्याच्या हाडाला दोन ठिकाणी बांधलेला असतो आणि खाली कोपर ओलांडून मनगटाकडे जाणाऱ्या, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला एका ठिकाणी. त्यामुळे त्याच्याकडे दोन कामं येतात. एक कोपर वाकवणं, आणि दुसरं, जे बहुतेकांना ठाऊक नसतं, तळहात वर वळवणं. पाहा करून. उजवं कोपर काटकोनात वाकवा, डावा हात उजव्या दंडावर ठेवा आणि पालथा तळहात उताणा करा. बेडकी लगेच उडी मारते. उजव्या हातानं स्क्रू पिळताना किंवा कुलपाची किल्ली उजवीकडे फिरवताना हाच स्नायू कामाला लागतो. म्हणजे बत्तीस वर्षं तिजोरीपाशी माझी बेटकुळी रोज एकदा तरी हजेरी लावत होती. तेवढीच काय ती तिची नोकरी.

डंबेल हा शब्दही मजेचा आहे. शब्दशः अर्थ मुकी घंटा. चर्चच्या मनोऱ्यातली जड घंटा दोर ओढून वाजवायची, तर अंगात ताकद हवी. आवाज न करता तसाच व्यायाम घडवणारं साधन म्हणजे मुकी घंटा, असं या नावाचं मूळ सांगतात. १७११ साली जोसेफ ॲडिसन या इंग्रज निबंधकारानं आपण रोज सकाळी या मुक्या घंटेचा व्यायाम करतो, असं लिहून ठेवलं आहे. लेखकानं व्यायाम करण्याची परंपरा निदान तीनशे वर्षांची निघाली, हे पाहून मला धीर आला.

आपल्याकडे आखाड्यात जोर, बैठका, मुद्गल, मल्लखांब. एकट्या बेटकुळीचे लाड आपल्या तालमीनं कधी केले नाहीत. तिथे सगळं अंग एकदम राबतं. सुटा स्नायू घेऊन त्याला घडवायचं वेड आलं ते युजेन सँडोमुळे. १८६७ साली प्रशियात जन्मलेला हा बलदंड माणूस. १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यानं शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली, तिच्या परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल होते. पुढे तो हिंदुस्थानातही येऊन गेला. त्याची आठवण आपण आजही अंगावर वागवतो. बिनबाह्यांच्या बनियनला आपण सँडोच म्हणतो. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी तरुणपणी, १८९७ पासून, सँडोची साधनं आणि पुस्तकं आणवून दहाएक वर्षं त्याच्याच पद्धतीनं व्यायाम केला होता. मग त्यांनी सँडो सोडला आणि सूर्यनमस्कार धरला. आमच्या वऱ्हाडात अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथे जाऊन आपले देशी खेळ दाखवले. इतकं सगळं हाताशी असून मी आयुष्यभर काहीच धरलं नाही. आणि धरलं ते साठीनंतर, तेही विलायती.

गावात डंबेल कुठलं मिळायला? पहिले पंधरा दिवस मी पाण्याच्या दोन बाटल्या वापरल्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हिशेब सोपा. मग पुतण्याचा पोरगा धावून आला. तो कॉलेजात शिकतो आणि जिममध्ये जातो. त्यानं दोन किलोची डंबेलची जोडी आणली आणि स्वतः दहा-दहा किलोची घेऊन मला दाखवायला उभा राहिला. “आजोबा, असं पाहा.” त्यानं कंबर मागे झुकवली, एक हिसका दिला आणि दोन्ही वजनं वर. आणि पुढच्याच क्षणी खाली. धप. पुन्हा हिसका, पुन्हा धप. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून ओरडली, “अहो, फरशी फुटेल!”

मी तसंच करायला लागलो. पुढच्या खेपेला वाशीमच्या त्या मुलीला मोठ्या अभिमानानं करूनही दाखवलं. तिनं तीन वेळा पाहिलं आणि म्हणाली, “काका, तुम्ही उचलता छान. पण ठेवत नाही. सोडून देता.”

मी एकदम मायकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहिलं. तिला मायचं वाक्य माहीत असण्याचं काहीच कारण नव्हतं.

मग तिनं मला तो सोपा व्यायाम पुन्हा पहिलीपासून शिकवला. तो इथे जसाच्या तसा देतो.

पावलांमध्ये खांद्यांइतकं अंतर ठेवून उभं राहायचं. गुडघे ताठ कुलूपबंद करायचे नाहीत, किंचित सैल. पोट हलकंसं आत, खांदे खाली आणि मागे. डंबेल मुठीत धरायचं, पण गळा आवळल्यासारखं नाही. तळहात समोर. मनगट सरळ, ते आत मुडपलं किंवा मागे पडलं, की दंडाचा भार मनगटाच्या डोक्यावर जातो. कोपर बरगडीला टेकलेलं. आता श्वास सोडत, मनात एक-दोन म्हणत वजन वर आणायचं. हलतो तो कोपराखालचा हात. कोपराच्या वरचा हात भिंतीतल्या खुंटीसारखा जागेवर. वर पोचल्यावर क्षणभर थांबायचं. आणि मग श्वास घेत, एक-दोन-तीन-चार म्हणत खाली आणायचं. हात जवळजवळ सरळ होईपर्यंत, पण शेवटी झटका न देता.

कोपर हलतं की नाही हे कसं कळायचं? तिनं युक्ती सांगितली. वर्तमानपत्राची घडी करून दंड आणि बरगडी यांच्या मध्ये धरा. पडली तर कोपर हललं. वाचकहो, रविवारची पुरवणी त्यासाठी जाडीला अगदी बरोबर आहे. पहिल्या दिवशी माझी पुरवणी आठ वेळा पडली. दुसरी युक्ती भिंतीची. पाठ भिंतीला टेकून उभं राहा आणि कर. पाठ सुटली, म्हणजे तुम्ही हिसका दिला. पुतण्याच्या पोराला मी दहा किलो घेऊन भिंतीशी उभं केलं. बेटा चौथ्या खेपेला लाल झाला. तो उचलत होता ते दंडानं नव्हतंच. कंबरेच्या खात्यातली रक्कम त्यानं दंडाच्या खात्यात वर्ग केली होती. असे व्यवहार तपासणीत सापडतातच; कंबरेची तपासणी साधारण चाळिशीत होते.

दोन किलो म्हणजे फारच कमी, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण हाताची रचना पाहा. दंडाचा स्नायू कोपरापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर बांधलेला आणि वजन तळहातात, तीस-पस्तीस सेंटिमीटर लांब. कोपर काटकोनात आलं, की दोन किलो तोलायला स्नायूंना त्याच्या सात-आठ पट ओढ लावावी लागते. मुद्दल दोन किलो, भरणा चौदा-पंधरा किलोंचा. सावकारसुद्धा लाजेल. म्हणून वजन निवडायचं ते असं, की आठ ते बारा वेळा करता यावं, शेवटची दोन जड जावीत, पण ढब बिघडू नये. ढब बिघडली, तिथे थांबायचं. दोन खेपा, मध्ये मिनिट-दोन मिनिटांची विश्रांती. आठवड्यातून दोन दिवस, सलग नाही. मी सोमवारी आणि गुरुवारी करतो. स्नायू बांधला जातो तो विश्रांतीत.

श्वास कोंडायचा नाही, हे मात्र तिनं तीन वेळा बजावलं. दम रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम उसळतो. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया असणाऱ्यांनी किंवा नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवातच करू नये. आणि दुखण्यातला फरक ओळखावा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दंड ठणकतो तो मेहनतीचा ठणका, आपोआप जातो. सांध्यात चमक आली, खांद्यात टोचलं, तर ते वेगळं. तिथे मर्दुमकी नको. चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषांत निसटणारं जड ओझं एकदम सावरायला जाऊन कोपरापाशी स्नायूचा बंधच तुटल्याची उदाहरणं डॉक्टर सांगतात.

आता मुख्य मुद्दा. वर नेताना दोन आकडे आणि खाली आणताना चार, असं का? मी तिला हेच विचारलं. वजन तर आपोआपच खाली येतं, त्यात माझं काय काम?

ती म्हणाली, “आपोआप येतं ते पडणं. तुम्ही आणता ते ठेवणं.”

शरीरशास्त्र असं सांगतं, की वजन उचलताना स्नायू आखडत काम करतो आणि खाली ठेवताना लांबत काम करतो. लांबत असताना तो जास्त भार पेलू शकतो. जे तुम्हाला उचलवत नाही, तेही तुम्ही अलगद खाली ठेवू शकता. पण त्यासाठी त्याला ती सवय लागते. ताकद वाढायला ही उतरती बाजूसुद्धा चढत्याइतकीच कामाची, आणि तो ठणका येतो तोही मुख्यतः याच बाजूमुळे. हिसका देऊन उचलणारा आणि धपकन सोडणारा माणूस अर्धा व्यायाम करतो, आणि तो अर्धा ज्याला सगळे पाहतात तो.

घरातली किती कामं या उतरत्या बाजूची आहेत, हे मला तेव्हा दिसायला लागलं. झोपलेलं मूल गादीवर ठेवणं. पाण्यानं भरलेली घागर तिवईवर ठेवणं. उकळत्या वरणाचं पातेलं खाली उतरवणं. जिना उतरणंसुद्धा, तिथे मांडीचा स्नायू हेच करतो. म्हातारपणी माणूस चढताना दमतो, पण पडतो तो बहुधा उतरताना.

शेजारच्या त्या हमाल गृहस्थांना मी एकदा ओसरीवर बोलावून डंबेल दाखवलं. त्यांनी ते हातात तोलून पाहिलं, नातवाचं खेळणं पाहावं तसं. मी विचारलं, “तुम्ही मायला इतकं अलगद कसं ठेवलं हो?” ते म्हणाले, “सायेब, पोतं फेकलं तं फाटते. फाटलं का मजुरीतून कापते. मंग शिकते माणूस.” एवढं बोलून त्यांनी बिडी पेटवली. आमच्या शाखेत त्यांचं खातं होतं की नाही, मला आठवत नाही. पण कर्जाच्या अर्जावर ‘कौशल्य’ असा रकाना असायचा आणि हमालांच्या अर्जात आम्ही तिथे आडवी रेघ मारायचो, हे मात्र पक्कं आठवतं. ती रेघ आता मला टोचते.

खरं सांगायचं तर ठेवणं मला कधीच जमलेलं नाही. माझ्या कादंबऱ्यांबद्दल वाचकांची पत्रं यायची, त्यांत एक तक्रार हटकून असे. सुरुवात छान, मधला भाग छान, शेवट मात्र घाईघाईत उरकलाय. मी मनातून चिडायचो. आता ती पत्रं काढून पाहिली, तर ती सगळी मायनंच लिहिल्यासारखी वाटतात.

वर्ष झालं. बाटल्यांवरून दोन किलोवर आणि दोनवरून तीन किलोवर आलो. बेटकुळी म्हणाल, तर माझ्या नातीनं शोधून शोधून पाहिली आणि ‘आजोबा, बेडूक झोपलाय’ असा निकाल दिला. आरशात दिसण्यासारखं काही झालं नाही. पण पुरवणी आता पडत नाही.

मायला मी आता तसंच उचलतो, जसं शिकवलं तसं. गुडघ्यात वाकून, तिला अंगाशी घेऊन, पायांनी. आणि खुर्चीशी आलो की मनात म्हणतो, एक, दोन, तीन, चार. चारावर ती टेकते. आवाज होत नाही.

एक हिशेब मात्र जुळत नाही, तोही सांगून टाकतो. या वर्षभरात माझं डंबेल एका किलोनं वाढलं. दवाखान्यातल्या काट्यावर माय चार किलोंनी उतरली. तिला ठेवणं आता सोपं जातं, त्यात माझ्या दंडांची भर किती आणि तिची घट किती, हे मला सांगता येत नाही. आयुष्यभर जमा-नावे मांडलेल्या माणसाला ही नोंद कुठल्या बाजूला लिहावी ते कळत नाही. एवढं कळतं, की एक दिवस ती अगदीच हलकी होईल. तेव्हा उचलायला ताकद लागणारच नाही. ठेवायला लागेल.

काल सकाळी तिला खुर्चीत बसवलं. चार म्हणून झालं, हात काढून घेतले आणि जरा थांबलो. म्हटलं, माय आज तरी काही बोलेल. तिनं पदर सारखा केला, दाराकडे पाहिलं आणि म्हणाली,

“चहा झाला का रे बापू?”